वाटून घेतलेली घरं

"एकूण त्रेसष्ट घरं आहेत," पाळकसाहेब म्हणाले, "आणि तुम्ही तीन पंच. एकवीस-एकवीस घरं वाटून घ्या. घरभेटी यापुढं तुम्ही करायच्या."

त्यांनी वहीचे तीन कागद फाडून आणले होते. प्रत्येकावर नावं, गल्लीवार लिहिलेली. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो आणि बाहेर बायकांचा गलबला अजून ओसरला नव्हता.

"आणि तुम्ही काय करणार, साहेब?" चक्रनारायण गुरुजींनी विचारलं.

"उपासना घेईन, लग्नं लावीन, माती देईन. अडलंनडलं तर मी आहेच."

गुरुजी मिशनच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. समोरच्याकडे चष्म्यावरून पाहायची त्यांची सवय सुटली नव्हती. दुसरे पंच हिवाळे, एसटी डेपोत कंट्रोलर. वाद सुरू झाला की ते घड्याळाकडे पाहायचे. तिसरी मी, एस्तेर उजागरे, बालवाडीची बाई. पंच म्हणून निवडून आलेली आमच्या चर्चच्या मंडळीतली पहिली बाई. ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी अडतीस वर्षांची होते.

रेव्हरंड शांतवन भांबळ आमच्याकडे पाळक म्हणून आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं, पण ख्रिस्ती घरं सगळीकडं विखुरलेली. काही मिशन कंपाउंडात, काही डेपोमागं, काही नदीपलीकडं. बावीस वर्षं साहेबांनी ती सगळी घरं सायकलवर पालथी घातली होती. कुणाकडं ताप, कुणाकडं भांडण, कुणाची सून माहेरी निघून गेलेली. साहेबांची सायकल दारात दिसली की शेजाऱ्यांना कळायचं, या घरात काहीतरी आहे. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा ते ओळीनं नऊ दिवस संध्याकाळी येऊन आमच्या ओसरीवर बसले होते. एका शब्दानंही काही सांगितलं नाही. बसायचे, आणि दिवेलागणीला उठून जायचे.

असा माणूस म्हणत होता, घरभेटी तुम्ही करा.

"मंडळी एका माणसाच्या खांद्यावर असू नये, गुरुजी," ते म्हणाले. "मी उद्या आडवा झालो तर सगळंच आडवं होईल. बायबलातल्या पहिल्या मंडळ्यांतही कामं वाटलेली होती."

"पहिल्या मंडळ्यांतले पाळक घरात बसून नव्हते," गुरुजी म्हणाले.

हिवाळ्यांनी घड्याळाकडं पाहिलं. साहेबांनी कागद आमच्यापुढं सरकवले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि "सालोमी वाट पाहत असेल" म्हणून उठले.

सालोमीबाई त्यांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण गावातल्या निम्म्या ख्रिस्ती पोरांना गाणी त्यांनीच शिकवलेली. मीही त्यांच्या गाणाऱ्या मुलींत होते. गेलं वर्षभर त्या चर्चला आल्या नव्हत्या. गुडघे धरलेत, चालवत नाही, असं साहेब सांगत. आम्ही म्हणायचो, "जपा म्हणावं त्यांना." आणि आपापल्या घरी जायचो.

माझ्या एकवीस घरांतलं पहिलं घर डेपोमागच्या सगुणाबाई ओहोळांचं. एकट्या राहायच्या, लोकांच्या गोधड्या शिवायच्या. मला दारात पाहून त्यांचं तोंड उतरलं.

"तू कशी काय? साहेब आजारी हैत का?"

"नाही आजी. आता मी येत जाईन."

"तुला सुईत दोरा ववता येतो?"

साहेब दर मंगळवारी यायचे आणि बारा सुयांत दोरे ओवून गोधडीच्या कडेला ओळीनं टोचून जायचे. आजींना डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्या बारा सुया आठवडाभर पुरायच्या. प्रार्थना शेवटी, तीही दोन वाक्यांची. मी बायबल उघडून बसले होते. ते मिटलं आणि सुया हातात घेतल्या.

त्या संध्याकाळी मी साहेबांच्या फाटकापाशी गेले. ते बाहेर आले, पण फाटक उघडलं नाही. कडीवर हात ठेवून आतच उभे राहिले.

"साहेब, मला हे जमेल असं वाटत नाही. बोलू काय लोकांशी?"

"घड्याळ काढून पिशवीत टाकत जा," ते म्हणाले. "आणि उपदेश करू नकोस, तो त्यांना रविवारी मिळतो. लोक पहिल्यांदा सांगतात ते खरं दुखणं नसतं. ते उठता उठता सांगतात. म्हणून लवकर उठायचं नाही."

आत कसलंसं भांडं पडल्याचा आवाज झाला. "मांजर," असं म्हणून ते घाईनं वळले. आत ये, चहा घे, असं काही म्हणाले नाहीत. मला ते खटकलं. पण खटकलं तेवढंच.

दिवाळीपासून नाताळापर्यंत मी ते काम शिकले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. रस्त्यात बायका थांबवून बोलायच्या. एका घरात दोन भाऊ सहा वर्षांनी एका ताटात जेवले, तेव्हा मी तिथं होते. साहेबांचं घर माझ्या वाटेवरच होतं. आठवड्यातून चार वेळा तरी मी त्या फाटकावरून जायचे. खिडक्या बंद असायच्या. साहेब वाचत असतील, असं मनात येऊन मी पुढं जायचे.

इकडं लोकांची कुरकुर वाढत होती. साहेबांनी एकच संदेश दोन रविवारी दिला. उपासनेला उशिरा यायचे, संपली की मागच्या दारानं निघून जायचे. सदऱ्याला इस्त्री नसायची. एका बारशाला त्यांनी बोलावणं घेतलं आणि गेलेच नाहीत. "साहेब आळसावले," लोक म्हणायला लागले. गुरुजी म्हणायचे, "कामं वाटून दिली आणि हात झटकले. याला काही सामुदायिक नेतृत्व म्हणत नाहीत."

फेब्रुवारीत माझे वडील गेले. अण्णा. सकाळी दाढी करता करता खाली बसले आणि तिथंच संपले.

साहेब थेट कब्रस्तानात आले. विधी पंधरा मिनिटांत उरकला. आईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माती सारखी करून होण्याआधीच निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडं पाहत राहिले.

"संध्याकाळी येतील," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गुरुजी आले, हिवाळे आले, सगुणाबाई काठी टेकत डेपोमागून चालत आल्या. आई रोज दिवस कलला की ओसरीवर एक खुर्ची मांडायची. दहाव्या दिवशी तिनं विचारलं, "एस्तेर, आपलं काही चुकलं का गं त्यांच्याशी?" मी ती खुर्ची उचलून आत नेली.

दुसऱ्याच आठवड्यात गुरुजींनी मला घरी बोलावलं. पाळक नेमणाऱ्या जिल्ह्याच्या मंडळाकडं तक्रारीचं पत्र पाठवायचं ठरलं होतं. गुरुजी सांगत होते आणि मी लिहीत होते, माझं अक्षर चांगलं म्हणून. उपासनेला उशीर, आजाऱ्यांकडं दुर्लक्ष, जबाबदारी पंचांवर ढकलणं. सगळं मुद्देसूद, गुरुजींसारखं. शेवटी ते पाणी प्यायला आत गेले, तेव्हा मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं. "ज्या मेंढपाळाला मेंढरांच्या रडण्याची चाड उरली नाही, त्याने हातातली काठी खाली ठेवावी." गुरुजींनी बाहेर येऊन वाचलं आणि सही केली. हिवाळ्यांनी दुसऱ्या दिवशी केली. माझी तिसरी.

चौकशी एप्रिलमधल्या एका गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत ठेवली, दुपारी तीन वाजता. जिल्ह्याहून मंडळाचे सचिव येणार होते. साहेबांनी निरोप पाठवला होता की बैठक त्यांच्या घराच्या ओट्यावर घेता आली तर बरं होईल. गुरुजींनी उलट निरोप धाडला, "चौकशी घरात होत नसते."

साहेब वेळेवर आले. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"का, कुठं जायचंय?" गुरुजी म्हणाले.

"नाही. सहज."

सचिव वयस्कर, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. माझं वाक्य आलं तेव्हा साहेबांनी मान वर केली.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं नाही, ही त्यांची भलाई. मी टेबलावरच्या शाईच्या डागाकडं पाहत होते.

मग प्रश्न सुरू झाले. घरभेटी का बंद केल्या? कामं वाटून घेतली. अमक्याच्या घरी का गेला नाहीत? जमलं नाही. का जमलं नाही? सचिवांनी दोनतीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं. प्रकृतीचं काही आहे का? घरी काही अडचण? "अडचण कुणाला नसते," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष खिडकीकडं होतं. तिथून त्यांच्या घराचं छप्पर दिसायचं.

चार वाजून गेले तेव्हा ते उठून उभे राहिले.

"मला पाच मिनिटं घरी जाऊन यायचंय."

"विषय निघाला की तुम्हाला घर आठवतं," गुरुजी म्हणाले.

"पाच मिनिटं, गुरुजी. जाऊन येतो."

सचिव काही म्हणणार होते. कदाचित जा म्हणणार होते. त्याआधी मी बोलले.

"अण्णांना माती देतानाही तुम्हाला अशीच घाई होती, साहेब. माझी आई दहा दिवस खुर्ची मांडून बसली होती."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. उभ्या उभ्या त्यांचे ओठ हलले, पण शब्द काही आले नाहीत. मग ते सावकाश खाली बसले.

"विचारा," ते सचिवांना म्हणाले.

बैठक साडेपाचपर्यंत चालली. साहेबांनी सगळे आरोप मान्य केले. बदली करावी किंवा निवृत्त करावं, मंडळ ठरवील ते मान्य आहे असं त्यांनी सांगितलं आणि आमचा निरोप न घेता ते निघाले. पळत नव्हते, पण जवळजवळ तसंच. सचिव म्हणाले, "अरे, नोंदवहीवर त्यांची सही राहिली." मी म्हणाले, "मी घेऊन येते." मला त्यांच्या तोंडावर आणखी काहीतरी बोलायचं होतं. काय ते आता आठवत नाही.

फाटक उघडं होतं. दाराच्या कोयंड्यात कुलूप नुसतं लटकत होतं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या घरात पाऊल टाकलं.

भिंतींवर कागद चिकटवलेले होते. साहेबांचं अक्षर, पण मोठं, बालवाडीच्या पाटीवर मी लिहिते तसं. न्हाणीकडं बाण. "इथे पाणी प्यायचे." खिडक्यांच्या कड्या सुतळीनं बांधलेल्या. काडेपेट्या आणि सुऱ्या कपाटाच्या माथ्यावर ठेवलेल्या. आरशाला चादर गुंडाळलेली. बाहेरच्या दाराला आतून एक कागद होता: "सालोमी, मी चर्चमध्ये आहे. परत येतो आहे. घाबरू नको." आणि पलंगाच्या उशाशी दुसरा: "मी शांतवन. तुझा नवरा."

ते दोघं न्हाणीच्या दारात जमिनीवर होते. सालोमीबाईंचा एक पाय विचित्र वळला होता. लुगडं ओलं होतं. कपाळावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं, म्हणजे पडून बराच वेळ झाला होता. साहेबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते आपल्या सदऱ्याच्या टोकानं त्यांचं तोंड पुसत होते.

"भाऊ, पाणी द्या ना थोडं," बाई त्यांना म्हणत होत्या. "माझे मालक अजून आले नाहीत."

"देतो," साहेब म्हणाले. "आणतो हं."

मग बाईंची नजर माझ्याकडं गेली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला ओळखलं होतं.

"एस्तेर," त्या म्हणाल्या, "किती उशीर केलास गं."

नोंदवही माझ्या हातातून कधी पडली मला कळलं नाही. मी पळत चर्चपर्यंत गेले. हिवाळ्यांना एवढंच सांगता आलं की गाडी आणा. हिवाळे डेपोची जीप घेऊन आले. बाईंना जीपमध्ये चढवताना गुरुजींनी त्यांची पावलं धरली होती. बाई कण्हत होत्या आणि गुरुजी सारखे म्हणत होते, "झालं, बाई, झालं, पोचलोच."

खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता. केव्हा पडल्या, किती वेळ पडून होत्या, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. सव्वाचार वाजता कुणी घरी गेलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. आजवर कुणालाच विचारलेलं नाही.

बाई अकरा दिवस दवाखान्यात होत्या. त्या अकरा दिवसांत त्रेसष्ट घरांनी पाळ्या लावल्या. कुणी सांगितलं नव्हतं. नदीपलीकडच्या बायका डबे घेऊन यायच्या. हिवाळ्यांनी रजा काढली. आयुष्यात स्वतःचं ताट न उचललेले चक्रनारायण गुरुजी सकाळी सहाला यायचे आणि बाईंचे खराब कपडे दवाखान्यामागच्या नळावर स्वतः धुवायचे. मी घ्यायला गेले तर त्यांनी हात झटकला. "राहू दे," म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवलेला होता. डोळे सुजले होते.

सातव्या दिवशी दुपारी मी आणि साहेब दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. मी विचारलं, "साहेब, आम्हाला का नाही सांगितलं?"

"दोन वर्षांपूर्वी सुरू झालं हे," ते म्हणाले. "आधी गाण्याच्या ओळी विसरायला लागली. मग घरं. तेव्हा तिला कळत होतं काय होतंय ते. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, माझ्या गाणाऱ्या पोरींना मला असं बघू देऊ नका. मी शब्द दिला."

"म्हणून तुम्ही घरं वाटून दिलीत."

"तिला एकटं सोडता येईना, म्हणून. पण तेवढ्यासाठीच नाही, एस्तेर. मी बोललो ते खरंच मानत होतो. एकट्यानं ओढायचं काम नव्हे हे. बावीस वर्षं मी एकट्यानं ओढलं आणि तुम्हाला शिकवलंच नाही."

ते समोरच्या भिंतीकडं पाहत होते.

"तो कागद आहे तुझ्याकडं? घरांचा?"

कागद माझ्या बायबलात होता, बायबल पिशवीत. मी काढून दिला. त्यांनी बोट ठेवलं. सातव्या आणि आठव्या नावाच्या मध्ये एक ओळ खोडलेली होती, शाईनं गच्च भरून. सहा महिने तो कागद मी घेऊन हिंडत होते. लिहिताना चुकलं असेल, असं मला वाटलं होतं.

"इथं आमचं घर लिहिलं होतं," साहेब म्हणाले. "तुझ्या वाट्याला. ती तुला ओळखील असं वाटलं. मग लाज वाटली. बायकोला शब्द दिला होता, तोही आठवला. खोडलं." ते थांबले. "पण मनात होतं, तिघांपैकी कुणीतरी विचारील. म्हणेल, साहेब, तुमचं घर कुणाकडं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. शब्द मोडून सांगितलं असतं."

आतून नर्सनं हाक मारली तेव्हा ते उठले. कागद त्यांनी घडी करून मला परत दिला.

बाई अकराव्या दिवशी पहाटे गेल्या. शेवटपर्यंत साहेबांना भाऊच म्हणत होत्या. माती द्यायला जिल्ह्याहून सचिव आले. साहेब आमच्यात उभे होते, दुःखी माणसांच्या ओळीत, आणि कुठं उभं राहावं हे त्यांना कळत नव्हतं. बावीस वर्षं ते कायम कबरीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिलेले. माझ्या आईनं त्यांचा हात धरून त्यांना आपल्याशेजारी उभं केलं.

आम्ही पत्र मागं घेतलं. मंडळानंही त्यांना राहा म्हणून सांगितलं. ते राहिले नाहीत. जूनमध्ये त्यांनी संगमनेरला भावाकडं जायचं ठरवलं. सामान थोडंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी गेले. भिंतींवरचे कागद काढलेले होते; चिकटवलेल्या जागी रंग निघून चौकोन पडले होते.

"साहेब, एक सांगायचं होतं," मी म्हणाले. "पत्रातलं ते वाक्य माझं होतं. गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं."

"माहीत होतं," ते म्हणाले. पुस्तकं बांधत होते. "गुरुजींना तसं लिहिता येत नाही."

"आणि त्या दिवशी तुम्ही उठला होता. मी बोलले म्हणून बसलात."

त्यांनी सुतळीची गाठ मारली.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"करायलाच पाहिजे," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांना तेच सांगत आलो. एस्तेर, तुझा राग नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला थोडा वेळ लागेल. मी लिहीन तुला. तोवर तू पत्र पाठवू नकोस, येऊ नकोस."

मी बरं म्हणाले. त्यांनी मला फाटकापर्यंत पोचवलं. डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं. ठेवला नाही.

नवे पाळक आले. पहिल्याच बैठकीत मी सांगितलं की पाळकांचं घर भेटीच्या यादीत राहील आणि ते माझ्याकडं राहील. कुणी कारण विचारलं नाही. पुढं सव्वीस वर्षं मी पंच होते. चार पाळक बदलले. चौघांच्या घरी मी दर गुरुवारी दुपारी जायचे. एकाची बायको म्हणालीही, "ताई, तुम्ही फार वेळ बसता हो." मी बसायचे.

साहेबांचं पत्र आलं नाही. पहिलं वर्ष मी पोस्टमनची वाट अडवून विचारायचे. दोन वर्षांनी बातमी आली की ते संगमनेरला झोपेतच गेले. गुरुजी आणि हिवाळे मातीला गेले. मी गेले नाही. येऊ नकोस म्हणाले होते, आणि ये म्हणून काही कळवलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांचा पुतण्या, विनय भांबळ, आमच्या गावात एका लग्नाला आला. कुणीतरी त्याला माझ्याकडं आणलं. सभ्य, मोकळा माणूस. चहा घेता घेता काकांच्या आठवणी सांगत बसला. ते शेवटी फार बोलत नसत, म्हणाला, पण सकाळची प्रार्थना कधी चुकवली नाही. तुमच्या गावातल्या घरांची नावं घ्यायचे. एकेक नाव, सगळी घरं, ओळीनं. आम्हालाही ती पाठ झाली होती.

"सगळ्यात शेवटी थांबायचे," तो म्हणाला. "एक नाव राहिलेलं असायचं. तोंड उघडायचे, ओठ हलायचे, पण ते नाव काही यायचं नाही. मग तसंच आमेन म्हणायचे. आम्हाला वाटायचं, वयामुळं विसरत असतील."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. शेवटच्या सकाळीसुद्धा."

"आलं का शेवटी नाव?"

त्यानं आठवून पाहिलं. मग मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "पण थांबायचे मात्र रोज. तुम्हाला काही कल्पना आहे का, ताई, कुणाचं असेल?"

मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. तो नको म्हणाला. बाहेर त्याला घ्यायला गाडी आली होती.